दोन ओळींमधला तास

बाबा निर्दोष सुटले. लग्नाला तासभर उशिरा आल्याचा त्यांच्यावरचा आरोप अडतीस वर्षांनी खोटा ठरला, पुरावा मिळाला, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आणि उत्साहाच्या भरात ताईला कळवूनही टाकला. आता कृपा करून हे विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. बाबा लग्नाला उशिराच आले होते, चांगला तासभर, आणि मी ऑफिसात बसून चहा पितो आहे.

चहा कोमट होता. आमची कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी अपॉइंटमेंटा ठरवून देणारा प्रोग्रॅम करते, आणि कुठल्याशा लांबच्या देशातून तक्रार आली होती की एका पेशंटला आमच्या प्रोग्रॅमनं तासभर आधी बोलावलं, तो बंद दवाखान्याच्या पायरीवर बसला, बसल्या बसल्या त्याचा दात दुखायचा थांबला आणि तो घरी निघून गेला. डॉक्टर भयंकर चिडले होते. आमच्या टीमच्या प्रमुखाला आम्ही ‘उद्या’ म्हणतो, कारण त्याच्याकडून दुसरं उत्तर येत नाही, पण तोसुद्धा माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाला, “हे जरा आज बघ.” प्रसंगाचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं. मी कॉम्प्युटरवरचा काळा पडदा उघडला. या पडद्यावर एक जुनं हत्यार चालतं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत, ‘आपलं स्वागत आहे’ नाही. त्याचं नाव टाइप करायचं, पुढे शहर टाइप करायचं, की त्या शहराचं घड्याळ सरकारनं आजवर कधी पुढे ढकललं आणि कधी मागे ओढलं याची जंत्री ते ओकून मोकळं होतं. प्रत्येकाच्या नातेवाइकांत एक काका असतो, जो समारंभात कोपऱ्यात गप्प बसलेला असतो आणि कुणी विचारलंच तर सगळ्यांच्या जन्मतारखा धडाधड सांगतो; विचारायचं थांबलं की पुन्हा गप्प. हे हत्यार म्हणजे तो काका. ते कारण कधीच देत नाही. प्रत्येक बदलाच्या फक्त दोन ओळी देतं: एक, जुन्या वेळेचा शेवटचा सेकंद, दुसरी, नव्या वेळेचा पहिला. मध्ये काही नाही. दातवाल्या पेशंटचं शहर बघून झालं, चूक सापडली, आणि मग मी माझ्या शहराचं नाव टाइप केलं. वजनकाटा दिसला की माणूस उगीचच त्यावर उभा राहतो, तसं. यादी सरसरत खाली गेली आणि तिच्यात एक तारीख दिसली. पहिल्या ओळीत बाराला एक सेकंद कमी. दुसऱ्या ओळीत त्याच दिवशी दुपारचा एक. माझ्या खुर्चीला चाकं आहेत. ती आपण होऊन वीतभर मागे गेली.

ती तारीख आमच्या घरात वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहे. त्या दिवशी आई रजिस्ट्रारच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर तासभर उभी होती. दोनची वेळ ठरलेली, आणि बाबा उगवले तीनला. “वरातीमागून घोडं लोकांनी ऐकलंय,” आई म्हणते, “आमच्याकडे वरातीमागून नवरा.” हे ती पाहुण्यांना सांगते, प्लंबरला सांगते, एकदा चुकून आलेल्या फोनलाही तिनं सांगितलं होतं. यात खरी गंमत अशी की आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वेळ सांगायच्या कामावर होती. त्या काळी लोक नंबर फिरवून वेळ विचारायचे आणि पलीकडे खरीखुरी बाई बसलेली असायची. तो आवाज तिनं नोकरीबरोबर सोडला नाही. आम्ही लहानपणी शाळेला उशीर करायला लागलो की ती ओरडायची नाही, दारात उभी राहून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायची, “सात वाजून वीस मिनिटं झालेली आहेत.” ओरडणं परवडलं असतं. आणि बाबा बस डेपोत टाइमकीपर. बस किती वाजता सुटली, किती वाजता आली, हे पाहण्यात आयुष्य गेलेला माणूस. आणि त्याच्या नावावर आयुष्यातला एकच उशीर, तोही स्वतःच्या लग्नाला. या टोमण्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं नसे. दरवर्षी नवीन कारण. एके वर्षी रस्त्यात बकऱ्यांचा कळप आला होता. एके वर्षी बुटाची नाडी दाराच्या फटीत अडकली होती. मी चौथीत असताना ते म्हणाले की पूल उघडला होता आणि खालून जहाज जात होतं. आमच्या शहरात नदी नाही. ताईनं तसं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, “म्हणूनच तर वेळ लागला त्याला.”

आणि मग दंड. त्या दिवशी पायऱ्यांवरच बाबा म्हणाले होते म्हणे, “चुकलं. तुझा एक तास माझ्याकडे राहिला. दरवर्षी देत जाईन.” तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला, दोनपासून तीनपर्यंत, ते दोघं घराबाहेर जातात. कुठे, ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हाला शेजारच्या काकूंकडे ठेवत. बाबांना ताप असतानाही ते गेले होते. ज्या वर्षी दोघांत आठ दिवस अबोला होता आणि निरोप माझ्यामार्फत जात होते, त्या वर्षीही आई पर्स घेऊन दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, एक वाजून चाळीस मिनिटं झालेली आहेत.” गेले ते बोलत नव्हते, आले ते एकमेकांचं वाक्य तोडत आले. त्या तासात काय असतं हे मला कधी कळलं नाही, पण आमच्या घराचा सगळा डोलारा त्याच एका खिळ्यावर टांगलेला असावा असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

खुर्ची परत टेबलाशी ओढताना मला डेपो आठवला. तेलाचा वास, पत्र्याचं छत, आणि भिंतीवर ते ताटाएवढं घड्याळ. मी सात-आठ वर्षांचा असेन. घड्याळ काही मिनिटं मागे पडलं होतं, मी बाबांच्या मनगटाकडे बघून ते त्यांना दाखवलं, फार मोठा शोध लावल्यासारखं. बाबा म्हणाले, “ठाऊक आहे. पण आत्ता हात लावायचा नाही. शेवटची बस आत आली की मग.” डेपोचा नियमच होता तो. सकाळी ज्या वेळेवर बस बाहेर पडल्या, ती वेळ शेवटची बस परत येईपर्यंत डेपोत जिवंत ठेवायची. बाहेर जग काही म्हणो. “का?” मी विचारलं. “अरे, बाहेर गेलेल्या माणसाच्या पाठीमागे घड्याळ बदलायचं नसतं,” बाबा म्हणाले. “तो येतो बिचारा वेळेवर, आणि आपण म्हणायचं उशीर झाला?” हे वाक्य इतकी वर्षं माझ्या डोक्यात कुठेतरी डबा खात बसलं होतं. आता ते उठून त्या दोन ओळींच्या शेजारी येऊन उभं राहिलं आणि मला सगळं दिसलं: बारा वाजता सगळ्या शहरानं घड्याळं तासभर पुढे केली. डेपोनं नाही केली. बाबा डेपोतून निघाले, डेपोच्या घड्याळावर मनगटावरचं घड्याळ लावून, आणि बरोबर दोनला पायऱ्यांशी पोचले. त्यांच्या दोनला. बकऱ्या नव्हत्या. नाडी नव्हती. जहाज तर नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी उद्याला मिठी मारली. तो म्हणाला, “दातवाली चूक सापडली का?” मी म्हटलं, “ती पण.” मग ताईला कळवलं: बाबा निर्दोष, लेखी पुरावा आहे. ताई ऑडिटर आहे, तिचं उत्तर लगेच आलं: “उद्या रात्री जेवायला सगळे आहोतच. त्या दोन ओळी फ्रेम करून सगळ्यांसमोर देऊ. आईचं तोंड बघायचंय मला.” उद्या म्हणजे तीच, लग्नाची तारीख.

ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा अजून ऊन होतं, फुटपाथवर माझी सावली माझ्यापुढे चालत होती आणि मला वाटत होतं तिच्या हातात मशाल आहे. बेकरीपाशी ती मशाल विझली. आत एक बाई काचेतून केक निवडत होती, बोट एका केकवरून दुसऱ्यावर नेत होती, घेत काहीच नव्हती, आणि बेकरीवाला कंटाळला नव्हता. त्या बोटाकडे बघता बघता मी फुटपाथवरून खाली उतरलो. निर्दोष माणूस दंड कशाला भरेल? उद्या रात्री फ्रेम हातात आल्यावर परवापासून बाबा म्हणजे लग्नाला वेळेवर आलेला एक गृहस्थ, बस. असे गृहस्थ गल्लीत ढिगानं आहेत. आई प्लंबरला काय सांगणार? आणि पुढच्या वर्षी त्या तारखेला दोन वाजता दोघं काय करतील, टीव्ही बघतील? मी त्या दोन ओळी पुन्हा आठवून पाहिल्या. बाराला एक सेकंद कमी, मग एक. मधल्या तासात या शहरात कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणाचं दूध उतू गेलं नाही, कुणी कुणाची वाट पाहिली नाही. तो तास कुणाला मिळालाच नाही. आणि माझे बाबा, तेवढे एकटेच, जो तास कुणाकडे नव्हता तो दरवर्षी कुठूनतरी आणून आईला देत होते. मी काळ्या पडद्यावर जाऊन त्यांचं दुकान बंद पाडलं होतं. मागून एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. “भाऊ, काय मुक्काम का?” तो म्हणाला.

घरी आई बाबांच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाबा गच्चीत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, “आई, तुमच्या लग्नाच्या दिवशी घड्याळं पुढे केली होती का गं?” तिनं आधी इस्त्री बंद केली. मग स्वयंपाकघराचं दार लोटलं.

“कुणी सांगितलं?”

“कॉम्प्युटरनं.”

“त्याला म्हणावं, गप्प बस.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“मला माहीत होतं?” आईनं शर्टाची कॉलर बोटानं सरळ केली. “अरे, सगळ्या शहराला मीच सांगितलं. लग्नाच्या दिवशीही सकाळची ड्यूटी करून गेले होते मी. एकाला म्हटलं, बाराला एक मिनिट कमी आहे. लगेच दुसऱ्याचा फोन, त्याला म्हटलं, एक वाजलेला आहे. तो आधीपासून बारा मोजत बसला असावा. म्हणाला, बाई, मधला तास कुठे गेला? मी म्हटलं, त्यासाठी लेखी अर्ज करावा लागेल.”

“मग बाबांना का नाही सांगितलंस?”

तिनं शर्टाची बाही उलटून घेतली. “ते पायऱ्या चढून आले ना, तर मनगट पुढे करून दाखवत होते, बघ, बरोबर दोन. एवढा खूश माणूस मी पाहिला नव्हता. मला तिथल्या तिथे कळलं, हा डेपोची वेळ घालून आलाय. मी म्हटलं, तीन वाजलेले आहेत. काय सांगू तुला, असा चेहरा पडला त्यांचा. तोवर माझ्यासाठी कुणाचा चेहरा पडला नव्हता. मला बरं वाटलं. संध्याकाळी सांगणारच होते. पण तेवढ्यात ते म्हणाले, दरवर्षी एक तास देईन. आता कुणी आपण होऊन असं म्हणाल्यावर काय म्हणायचं, नको, हिशेबात चूक आहे?” तिनं इस्त्री पुन्हा चालू केली. “बाबांजवळ बोललास तर घराबाहेर काढीन. जा, हात धू.”

मी हात धुतले आणि गच्चीत गेलो. बाबा बुटांना पॉलिश करत होते, उद्यासाठी. मला आईचा हुकूम मोडायचा नव्हता, म्हणून मी फक्त विचारलं, “यंदा काय कारण आहे?” ते ब्रश न थांबवता म्हणाले, “लिफ्टमध्ये अडकलो होतो.” रजिस्ट्रारचं ऑफिस तळमजल्यावर होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाइमकीपरची नजर, बस वळणावर असतानाच तिला कळतं किती उशीर आहे. “काय सापडलंय तुला?”

“काही नाही. घड्याळ.”

त्यांनी बूट खाली ठेवला, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “आईला सांगू नकोस.”

मी पॉलिशच्या डबीशेजारी खाली बसलो. “तुम्हालाही माहीत होतं?”

“अरे, त्या संध्याकाळी शेवटची बस आत आल्यावर डेपोचं घड्याळ पुढे केलं कुणी? मीच. नवरामुलगा स्टुलावर उभा, आणि तुझी आई बाहेर फाटकाशी बॅग घेऊन. काटा फिरवताना कळलं सगळं. म्हटलं, चला, उतरून सांगावं. उतरलो. ती म्हणाली, झालं का तुमचं, की अजून तासभर? आणि हसली.” बाबांनी दुसरा बूट घेतला. “नाही सांगितलं.”

“मग निदान खरं कारण द्यायचं ना. बकऱ्या कशाला?”

“खरं कारण एकदाच देता येतं. बकऱ्या दरवर्षी नव्या.”

थोडक्यात, घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही सगळं माहीत होतं, आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू द्यायची नाही असं मला बजावलं होतं. मी इतका आनंदी आणि इतका अडकलेला यापूर्वी कधी नव्हतो. मोठ्या बशीत पाय अडकलेल्या मांजरासारखं वाटत होतं, पण बशीत दूध होतं. राहिली ताई. मी तिला फोन केला आणि म्हटलं, चूक झाली, मी दुसरंच शहर टाकलं होतं.

“आपलं शहर टाकताना चुकलास?”

“नावं सारखी असतात गं शहरांची.”

“हे बघ, माझ्याशी लोक रोज खोटं बोलतात. पगार घेऊन बोलतात. तुझं फारच कच्चं आहे. ती कमांड पाठव, मी स्वतः चालवून बघते.”

मी पाठवली. शहराच्या नावातलं एक अक्षर बदलून पाठवली. त्या हत्याराचा हा एक मोठेपणा आहे: चुकीचं नाव दिलं तरी ते भांडत नाही, असं शहर नाही म्हणून सांगत नाही, बदल शून्य धरून निमूटपणे काहीतरी दाखवतं आणि गप्प बसतं. ताईचा निरोप आला, “इथे कधीच काही बदललेलं नाही.” मी म्हटलं, “बघ.” ती म्हणाली, “कुठलंच शहर इतकं सरळ नसतं. मी शोधते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उद्याकडे तासाभराची सुटी मागितली. तो म्हणाला, “उद्या घे.” मी आभार मानले आणि निघालो. आईबाबांच्या मागोमाग, अंतर राखून, वर्तमानपत्र हातात धरून. वर्तमानपत्र मी एरवी घेत नाही, त्यामुळे ते उलटं होतं. बाबांचा शर्ट कडक, बूट चकचकीत, आईच्या खांद्याला पर्स. दोघं दोन गल्ल्या पार करून गाद्यांच्या दुकानात शिरले. ही ती जागा. रजिस्ट्रारचं ऑफिस केव्हाच हललं; आता तिथे गाद्या विकतात. मी मागच्या दारानं आत जाऊन उशांच्या ढिगाआड उभा राहिलो. एक सेल्समन माझ्याजवळ आला, तर मी त्याला खुणेनं त्या दोघांकडे दाखवलं. “ते होय,” तो म्हणाला, “दरवर्षी येतात. काकू म्हणतात, टेबल होतं तिथली गादी दाखवा. आधीच्या सेल्समननं मला चार्ज देताना सांगितलं होतं, यांना काही विकायला जाऊ नकोस, चहा विचार.” आईबाबा खिडकीजवळच्या डबल गादीवर आडवे झाले होते, छताकडे बघत. खाली बूट-चपला एका ओळीत, डेपोतल्या बसगाड्यांसारख्या. बाहेर रस्त्यानं लोक जात होते, काही जण काचेतून बघत होते, आणि माझे आईबाबा भर दुपारी, अख्ख्या शहरासमोर, काहीही करत नव्हते. “लिफ्टमध्ये अडकलो होतो,” बाबा म्हणाले. “तळमजल्यावर?” आई म्हणाली. “म्हणून तर कुणी शोधायला आलं नाही.” आई हसायला लागली. तिला हसताना आवाज येत नाही. गादी हलत होती फक्त. मला उशांमध्ये तोंड खुपसावं लागलं.

मग बराच वेळ ते नुसते पडून होते. उशांना नव्या कापडाचा वास येत होता. मी सहावीत असताना शेजारच्या काकूंकडे खिडकीत बसून ज्या तासाची वाट पाहायचो तो तास मी आता आतून बघत होतो, आणि त्यात काहीच नव्हतं. त्या दोन ओळींच्या मध्ये असतं तेवढंच, म्हणजे काही नाही, आणि दोघांना पुरेल इतकं. मग आई त्या जुन्या आवाजात म्हणाली, “तीन वाजलेले आहेत.” ती उठून बसली, पायानं चपला शोधू लागली. बाबा हलले नाहीत. त्यांनी फक्त मनगट तिच्यापुढे धरलं. “माझ्यात दोनच वाजलेत,” ते म्हणाले. आईनं त्या घड्याळाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. सगळ्या शहराला वेळ सांगणारी बाई ती. चूक कुठे आहे हे तिला न दिसणं शक्य नव्हतं, आणि तिला दिसलं हे बाबांना न दिसणंही शक्य नव्हतं. मग तिनं चपला परत ओळीत लावल्या आणि आडवी झाली. “मग काय घाई आहे,” ती म्हणाली. सेल्समन चहा घेऊन गेला. मी मागच्या दारानं सटकलो.

ऑफिसात आलो तेव्हा ताईचा निरोप येऊन पडला होता: “एक अक्षर चुकीचं आहेसं वाटतं. रात्रीपर्यंत सापडेल. फ्रेम घेऊन ठेवली आहे.” तिला ते सापडणार. तिला सगळं सापडतं. आता एकच मार्ग उरला. त्या हत्याराच्या पोटातली जंत्री जगभरातले काही स्वयंसेवक सांभाळतात. कुठल्या गावानं कुठल्या साली काटे हलवले यावर ते वर्षानुवर्षं एकमेकांशी वाद घालतात, आणि पक्का पुरावा असल्याशिवाय एक सेकंदही इकडचा तिकडे करत नाहीत. आईनं त्या माणसाला सांगितलं होतं तेच मी केलं. लेखी अर्ज.

प्रति, वेळबदलांच्या नोंदी सांभाळणारे सर्व संबंधित. विषय: आमच्या शहरातील एका बदलाची नोंद आठ दिवस आधीची दाखवण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की सोबत नमूद केलेल्या तारखेच्या दोन ओळी आपल्या जंत्रीतून काढून मागील आठवड्यात हलवाव्यात, जेणेकरून सदर दिवशी एक टाइमकीपर आपल्या लग्नास एक तास उशिराच पोचला होता हे अबाधित राहील. नोंद बरोबर आहे याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. पुरावा: नाही. कारण: घरगुती. बदल आज रात्रीच्या जेवणापूर्वी करावा. तसं शक्य नसल्यास निदान तोवर सदर तास देणं बाकी आहे असं समजण्यात यावं, आणि तो कधीही पूर्ण फिटू नये, ही विनंती.